भुयारातले शत्रू, इतिहासातले शत्रू

श्रोतेहो, इतिहासावरील भाषणाचा आरंभ मुलांच्या खेळाने करावा, हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. पण प्रस्तुत विषय मला सुचला तो ग्रंथालयात नव्हे, तर बेंगळुरूच्या जयनगर भागातल्या आमच्या घरी, नातीच्या खोलीच्या उंबरठ्यावर. ती संगणकापुढे बसली होती. पडद्यावर एक काळोखे भुयार, त्यात एक एकाकी वीर, आणि वळणावळणाला दबा धरून बसलेले नाना तऱ्हेचे शत्रू. मी काही वेळ पाहिले आणि म्हणालो, "अगं, समोर येईल त्याला हाणत सुटावं, त्यात एवढा विचार कसला?" ती मान न वळवता म्हणाली, "आजोबा, आधी तो कोण आहे ते ओळखायचं असतं. सगळ्यांना एकच तलवार चालत नाही."

वयाच्या दहाव्या वर्षी मुलीने उच्चारलेले हे वाक्य राजनीतीच्या कोणत्याही ग्रंथात शोभून दिसले असते. त्या वाक्याच्या मागे लागून मी प्रथम त्या खेळाची कुळकथा शोधली, आणि तेथून वाट फुटली ती थेट आपल्या इतिहासात.

या प्रकारच्या खेळांचे मूळ अमेरिकेत आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यात कागद, फासे आणि कल्पनाशक्ती एवढ्याच साहित्यावर मंडळी भुयारांत उतरत व राक्षसांशी झुंजत. पुढे विश्वविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी ही भुयारे संगणकात आणली. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघा तरुणांनी कॅलिफोर्नियात एक खेळ रचला. केन आर्नल्ड हा तिसरा जोडीदार त्यांना पुढे मिळाला. खेळाचे नाव 'रोग'. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा. आपल्या भाषेतला अर्थ त्यांच्या मनात नव्हता, जरी ज्या घरांतली मुले रात्र रात्र तो खेळत बसली त्या घरांतल्या आईबापांना आपलाच अर्थ अधिक पटला असता.

त्या खेळात चित्रे नव्हती. पडदाभर नुसती अक्षरे. खेळणारा वीर म्हणजे एक चिन्ह, आणि शत्रू म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली २६ मोठी अक्षरे. प्रत्येक अक्षराचा स्वभाव निराळा. एक शत्रू असा की तो अंगाला ओरखडासुद्धा काढीत नाही, पण त्याच्या स्पर्शाने चिलखत गंजत जाते; शहाणा खेळाडू त्याच्यापुढे उभे राहण्याआधी चिलखत उतरवून ठेवतो आणि मग लढतो. दुसरा चोर आहे; तो सोन्याची थैली लांबवतो आणि त्याच क्षणी अदृश्य होतो. तिसरा जागचा हालतच नाही, मात्र जवळ जाणाऱ्याला जखडून टाकतो. त्याला दुरून बाण मारावेत किंवा वळसा घालून निघून जावे. एक सर्प असा की त्याच्या दंशाने प्राण जात नाही, बळ जाते. एक पिशाच्च लढणाऱ्याचा आजवरचा अनुभवच शोषून घेते. आणि सगळ्यांत कपटी तो, जो शत्रू म्हणून दिसतच नाही. वाटेत पडलेल्या एखाद्या उपयुक्त वस्तूचे रूप घेऊन तो निपचित पडून राहतो, आणि लोभाने हात पुढे केला की उलटतो.

यांच्याशी लढण्याचे काही सर्वसाधारण नियमही खेळाडूंनी अनुभवाने बसवले. शत्रू अनेक असतील तर मोकळ्या दालनात थांबू नये. अरुंद बोळात मागे सरावे, म्हणजे एका वेळी एकच अंगावर येऊ शकतो. पळून जाण्याच्या जिन्याची वाट नेहमी ध्यानात ठेवावी. हाती असलेली दुर्मीळ साधने क्षुल्लक शत्रूवर उधळू नयेत. आणि सर्वांत कठोर नियम हा की येथे मरण एकदाच येते. वीर पडला की खेळ मोडतो, पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो. भुयार दर खेपेस नव्याने रचले जात असल्यामुळे पाठांतराचा उपयोग नाही. उपयोग होतो तो केवळ शत्रूच्या पारखीचा.

हे सारे समजून घेताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. ही विद्या आपल्याला परकी कोठे आहे? सतराव्या शतकातल्या महाराष्ट्राने तर तिच्यावर राज्य उभे केले.

१६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला, तेव्हा त्याचे बळ मोकळ्या मैदानाचे होते. घोडदळ, हत्ती, तोफा, मोठा तळ. अशा शत्रूला वाईच्या सपाटीवर गाठणे म्हणजे आपल्या हाताने त्याच्या हाती तलवार देणे. शिवाजी महाराजांनी वाईकडे पाऊलही टाकले नाही. ते जावळीच्या अरण्यात, प्रतापगडावर राहिले आणि खानालाच तेथे उतरावे लागले. १० नोव्हेंबरच्या भेटीत काय घडले ते प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. पण भेटीनंतर पायथ्याच्या रानात त्या सैन्याची जी दैना झाली तिचे बीज भेटीत नव्हते, भूमीच्या निवडीत होते. शत्रूचे सामर्थ्य जेथे अडचण बनते अशी जागा शोधणे, हा तो पहिला नियम.

बोळाचा नियम आपण १६६० च्या जुलै महिन्यात पाहतो. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मूठभर मावळ्यांनिशी उभे राहिले. खिंड अरुंद होती म्हणून संख्येचा प्रश्न काही प्रहरांपुरता मिटला, आणि तेवढेच प्रहर हवे होते. पुढल्याच वर्षी, १६६१ च्या फेब्रुवारीत, उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अशाच चिंचोळ्या वाटेत सापडली. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, उष्मा आणि पाण्याचा अभाव. येथे विशेष हे की शरण आलेल्या खानाला खंडणी घेऊन जाऊ दिले. कोंडलेल्या शत्रूला मारीत बसणे हा लढाईचा हेतू नव्हता. त्याला माघारी पाठवणे हा होता.

शाएस्ताखान ही निराळीच जात. तो पुण्यात येऊन बसला होता आणि त्याचा तळ इतका प्रचंड की त्याला हलवणे अशक्य. जो शत्रू हालत नाही त्याचा गाफीलपणा हेच त्याचे मर्म. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात जे घडले त्यात खानाची बोटे गेली, मुलगा गेला, आणि त्याहून मोठे म्हणजे त्याची अब्रू गेली; औरंगजेबाने त्याची रवानगी बंगालच्या सुभ्यावर केली.

आणि चिलखत उतरवण्याचा प्रसंग? तोही आहे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आले. हा शत्रू घाई करीत नव्हता, गाफील राहत नव्हता, मोहात पडत नव्हता. एकेक गड आणि एकेक गाव तो पद्धतशीरपणे निकामी करीत होता. पुरंदरावर मुरारबाजी पडले. तेव्हा महाराजांनी तह केला, २३ किल्ले दिले आणि १२ राखले. किल्ले हे राज्याचे चिलखत खरे. पण चिलखतासाठी अंग गमावावे असा तो काळ नव्हता. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, सिंहगडापासून आरंभ करून ते चिलखत पुन्हा अंगावर चढू लागले.

काही शत्रू मात्र कधीच जिंकता आले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जंजिऱ्याच्या सिद्दीला सभासदाने घरात शिरलेल्या उंदराची उपमा दिली आहे. उंदीर सिंहासारखा फाडून खात नाही, तो कुरतडतो. त्याच्यासाठी महाराजांनी आरमार बांधले, समोर पद्मदुर्ग उभारला, तरी जंजिरा हाती आला नाही. सिद्दींचे ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले.

आणि वस्तूच्या रूपाने पडून राहणारा तो कपटी शत्रू? त्याचे वर्णन रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे चालत आलेल्या 'आज्ञापत्रा'त आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथात टोपीकरांविषयी सावध केले आहे ते असे: हे लोक इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या प्रत्येकाच्या पाठीमागे एकेक राजा आहे. यांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, म्हणून यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी पक्की जागा देऊ नये. वखार द्यायचीच तर आत, बंदोबस्ताने द्यावी. व्यापाराच्या गाठोड्याआड राज्य लपलेले आहे हे ज्याने ओळखले, त्याची दृष्टी केवढी म्हणावी! ते ऐकले किती गेले, हा प्रश्न वेगळा आणि दुःखाचा.

येथवर भाषण आणून मी थांबलो असतो, तर आपण सारे समाधानाने घरी गेलो असतो. आपले पूर्वज या विद्येत पारंगत होते, एवढे ऐकण्याने कोणाचे मन दुखावत नाही. पण मी जयनगरात राहतो. येथे राहणाऱ्या मराठी माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही.

भुयाराच्या त्या खेळात एक मोठी उणीव आहे. शत्रूंची यादी खेळाडूच्या हाती असते. शत्रूंच्या हाती यादी नसते. त्या २६ अक्षरांपैकी एकालाही स्वतःची आठवण नाही, गाव नाही, आपल्या मुलांना सांगायची गोष्ट नाही. इतिहासात असे नसते. इतिहासात प्रत्येकाजवळ आपापली यादी असते, आणि त्यांतल्या कित्येक याद्यांत आपले नाव शत्रूंच्या रकान्यात लिहिलेले आहे.

बंगालचे उदाहरण घ्या. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओडिशावर चालून जात होत्या. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वाराला आपण बारगीर म्हणत असू. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला, आणि बंगालच्या आया मुलांना निजवताना आजही ज्या बर्गीचे भय घालतात तो बर्गी म्हणजे आपणच. गंगाराम नावाच्या तत्कालीन बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर काव्य रचले. त्याचे नावच मुळी 'महाराष्ट्र पुराण'. कलकत्त्याच्या लोकांनी तर आपल्यापासून रक्षण व्हावे म्हणून नगराभोवती खंदक खणावयास घेतला. तो 'मराठा खंदक' कधी पुरा झाला नाही, मराठे कलकत्त्यावर आले नाहीत, आणि पुढे त्या रेषेवरून सर्क्युलर रस्ता गेला. पण एका जातीच्या शत्रूवरचा उपाय म्हणून तो खणला गेला, आणि ती जात आपली होती.

याहून विचारात पाडणारी गोष्ट १७४४ सालची आहे. बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने रघूजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याला तहाच्या बोलण्यासाठी मानकऱ्याच्या तळावर बोलावले. भास्करराम आपल्या सरदारांसह डेऱ्यात गेला आणि तेथेच मारला गेला. डेरा, भेट, बलाढ्य आक्रमकाचा सेनापती, अकस्मात शेवट. हे चित्र आपण कोठे पाहिले आहे? आपण ज्या बाजूने ते नेहमी पाहतो तिच्या नेमक्या समोरच्या बाजूने. मी दोन्ही प्रसंग समान आहेत असे म्हणत नाही. प्रतापगडी दगा कोणी आधी केला याची चर्चा आपण जाणता, आणि दोन्हींचे हेतू व परिणाम निराळे होते. मी इतकेच म्हणतो की त्या वर्षी बंगालच्या कुणा खेडुताने ती वार्ता ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि त्याला तो टाकण्याचा अधिकार होता.

कर्नाटकात तर हे सारे अधिकच जवळ येते. टिपूविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात पेशवे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला होते. १७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बेंगळुरूची पेठ आणि नंतर किल्ला घेतला. तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडच्या वेढ्यात गुंतलेली होती. त्याच वर्षी भाऊंच्या फौजेबरोबर वावरणाऱ्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, आणि शारदेची मूर्तीही जागेवर राहू दिली नाही. मठाधिपतींनी दाद मागितली ती टिपू सुलतानाकडे, आणि मूर्तीची पुनःस्थापना व्हावी म्हणून साहाय्य धाडले तेही टिपूने. ही कन्नड पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तुखात्याचे संचालक आर. नरसिंहाचार यांना मठात मिळाली. टिपूच्या इतर कृत्यांचा हिशेब याने पुसला जात नाही. पण वाग्देवतेचे देऊळ लुटणारे हात आपल्या छावणीतून आले, हाही हिशेब पुसला जात नाही. शेजारच्या घरातली वृद्धा मला शृंगेरीच्या शारदेचा प्रसाद आणून देते, तेव्हा हा हिशेब मला आठवतो.

मग शत्रूंची यादीच करू नये काय? असे मी म्हणणार नाही. ज्याला शत्रू ओळखता येत नाही त्याच्या स्वातंत्र्याची शाश्वती नाही. टोपीकरांविषयीचा इशारा दुर्लक्षून आपण ते अनुभवले आहे. प्रश्न यादी कशावरून करावी हा आहे. खेळातले अक्षर शत्रूच्या जन्मावरून ठरते. तो जन्मतःच तसा असतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. शिवाजी महाराजांची यादी जन्मावरून नव्हती, वर्तनावरून होती. सिद्दी जंजिऱ्याचा शत्रू होता, तर सिद्दी हिलाल महाराजांच्याच पदरी होता. आरमारावर दौलतखान होता. अदिलशाही शत्रू होती, आणि वडील शहाजीराजे अदिलशाहीचेच सरदार होते.

हे शहाजीराजे म्हणजे बेंगळुरूचा आणि आपला खरा दुवा. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेले हे नगर १६३८ च्या सुमारास रणदुल्लाखानाच्या स्वारीत विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांकडे सोपवले गेले. शिवबांच्या बालपणातला काही काळ येथे गेला असे मानतात. शहाजीराजांच्या पश्चात कर्नाटकातली दौलत धाकटे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे राहिली. दक्षिणदिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, महाराजांनी पित्याच्या दौलतीतला वाटा मागितला. एकोजीराजांनी तो दिला नाही, आणि त्या वर्षाच्या अखेरीस भावाभावांच्या फौजांची लढाई झाली. आता हा कोणत्या जातीचा शत्रू? याला खिंडीत कोंडावे, की रात्री छापा घालावा?

महाराजांनी जिंकल्यावर जे केले ते पाहा. समझोता झाला. त्या समझोत्यात बेंगळुरू आणि आसपासचा मुलूख त्यांनी आपल्या भावजयीला, एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना, चोळीबांगडीसाठी दिला. ज्या नगरासाठी पाळेगार, सुलतान, मोगल आणि इंग्रज यांनी रक्त सांडले ते नगर एकदा चोळीबांगडी म्हणून दिले गेले होते. देण्यामुळे भावाचा अपमान झाला नाही, घेण्यामुळे दीनपणा आला नाही, आणि भांडण मिटले. शत्रूची जात ओळखण्याच्या विद्येचा हा कळस मला वाटतो. कारण येथे ओळखले गेले ते हे, की समोरचा मुळात शत्रू नाहीच.

आमचे जयनगर हे त्यामानाने अगदी अलीकडचे. १९४८ मध्ये, स्वातंत्र्य आल्यानंतर, त्याचा पाया घातला गेला. नावात जय आहे, आणि वेशीशी उभा आहे तो अशोकस्तंभ. ज्या राजाच्या नावाचा हा स्तंभ, त्याने कलिंग जिंकल्यावर आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच्याच विजयाचा हिशेब मांडला: एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, आणि राजाला त्याचा पश्चात्ताप झाला. जेत्याने शत्रूच्या यादीत डोकावून तेथे लिहिलेले आपले नाव वाचले, असे प्रसंग जगाच्या इतिहासात थोडेच. सायंकाळी त्या स्तंभावरून जाताना मला वाटते, विजयाच्या नावाच्या वस्तीला हाच पहारेकरी योग्य.

परवा मी नातीला दीपाबाईंची गोष्ट सांगितली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली. मग पडद्याकडे पाहत थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आजोबा, चोळीबांगडी द्यायची कळ या खेळात नाहीये." मी म्हटले, "नसेल बाळ. ती बाहेरच शिकावी लागते."